माकडताप: हेल्थ, गुरांचा दवाखाना आणि फॉरेस्ट, तिघांना वेळेवर एका जागी आणायचं कसं?

कुळीथपिठी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. मी तळकोकणात एका छोट्या संस्थेत काम करते. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणावर बोट ठेवायचं नाहीये. गेल्या वर्षी मला 'वन हेल्थ समन्वयक' असं भारी नाव मिळालं. काम काय, तर माणसांचा दवाखाना, गुरांचा दवाखाना आणि जंगल खातं यांच्यात दुवा साधायचा. अधिकार शून्य, हाताखाली मी आणि माझी स्कूटी.

आमच्याकडे माकडतापाचा, म्हणजे केएफडीचा (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) विषय आहे. गोचीड चावून होतो हा ताप, आणि माकडंही त्यानेच मरतात. २०१६ साली दोडामार्गातल्या केरमध्ये आला, मग २०१७ ला बांद्याच्या बाजूला, तेव्हापासून काजूचा सीझन आला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

तर फेब्रुवारीतला एक शनिवार. आशाताईचा फोन, काजूच्या बागेच्या कडेला वानर मरून पडलंय, अंगावर गोचीडं दिसतायत. मी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फोन केला, ते म्हणाले माकड ना, मग फॉरेस्टला सांगा. फॉरेस्टला केला, ते म्हणाले पंचनामा आम्ही करू पण पोस्टमॉर्टेम गुरांचा डॉक्टर करणार, आधी त्यांना विचारा कधी येतात ते. गुरांच्या डॉक्टरांना केला, ते म्हणाले वन्यप्राणी आहे, फॉरेस्टचं पत्र आल्याशिवाय मी हात लावू शकत नाही, आणि किट पण नाहीये. तिघंही खोटं बोलत नव्हते हो, हाच तर त्रास आहे. रविवार गेला. सोमवारी सगळे जमले तेव्हा वास शंभर पावलांवरून येत होता आणि वानर जाग्यावर नव्हतंच, बागमालकाने दोरी बांधून ओढत नेऊन व्हाळात (ओढ्यात) टाकलं होतं. सँपल नाही, गोचीडं मारायची पावडर कुठे टाकायची तेही नक्की नाही, आणि ज्या वाटेने ओढत नेलं त्या वाटेने बायका रोज बोंडं वेचायला जातात.

यानंतर दोन मीटिंगा घेतल्या. वडे झाले, चहा झाला, इतिवृत्तात 'परस्पर समन्वय साधावा' असं लिहून आलं. पुढचा सीझन तोंडावर आहे. ज्यांना माझं ऐकायचं बंधन नाही अशा तीन खात्यांकडून काम करून घेतलेलं कोणी आहे का इथे? थिअरी नको, प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

गुरांचा_डॉक्टर

ताई, तीस वर्षं पशुसंवर्धनात काढली, आता रिटायर्ड आहे म्हणून मोकळेपणी लिहितो. तुम्ही मीटिंगपासून सुरुवात केलीत तिथेच गाडी चुकली. मीटिंगला साहेब येतात. वानर मेल्यावर साहेब येत नाहीत, येतो तो वनरक्षक, पशुधन पर्यवेक्षक आणि आरोग्यसेवक, आणि या तिघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. आधी या तिघांना एकत्र जेवायला घाला, साहेबांचं नंतर बघू.

दुसरं, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त एका मेलेल्या वानराचा प्रवास लिहा. कोणाला दिसलं, त्याने कोणाला फोन केला, तो किती वाजता निघाला, गाडी कोणाची, डिझेल कोणाचं, सँपल कोणी काढलं, बर्फाचा डबा कुठून आला, पुण्याच्या लॅबला कोण घेऊन गेलं, जाळलं कोणी, लाकडं कोणी दिली, पावडर कोणी मारली, आणि रिपोर्ट आल्यावर बागमालकाला कोणी सांगितलं. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा. खात्याचं नाव चालणार नाही, माणसाचं नाव पाहिजे, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं. आम्ही हे केलं तेव्हा पंधरासोळा ओळी झाल्या आणि त्यातल्या पाच ओळींपुढे कोणाचंच नाव येईना. सगळं घोडं त्या पाच ओळींतच अडत होतं. डिझेल आणि लाकडं त्यातलीच, हसू नका.

तुमच्या शनिवारचं कोडं तर अगदी ओळखीचं आहे. वन्यप्राणी फॉरेस्टच्या ताब्यातला, त्यामुळे पत्राशिवाय डॉक्टर हात लावत नाही, आणि तो बरोबरच आहे, उद्या त्याच्यावर केस झाली तर कोण येणार आहे सोडवायला? यावर औषध एकच, पत्र आधीच घेऊन ठेवायचं. नोव्हेंबरमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, डीएफओ (मोठे वनाधिकारी) ऑफिसकडून एकच सरसकट पत्र की नोव्हेंबर ते जून या काळात तालुक्यात माकड किंवा वानर मेलेलं आढळलं तर अमुक अधिकाऱ्यांनी वनरक्षकाच्या समक्ष नमुने घ्यावेत. माकडामागे एक पत्र नको, सीझनमागे एक पत्र. आमच्याकडे ते मिळायला दोन वर्षं लागली, पण मिळालं.

आणि घाई कशासाठी हे तिघांनाही एकदा बसून समजावा, कारण निम्म्या लोकांना वाटतं की हे माकड चावल्याने किंवा माकडाच्या वासाने होतं. माकड मेलं की अंग गार पडतं, मग अंगावरची गोचीडं उतरतात आणि तिथेच आजूबाजूला पातेऱ्यात (वाळक्या पानांत) पसरतात. त्यांतली मोहरीएवढी बारीक पिल्लं पुढे माणसाला चावतात, चावलेलं कळतही नाही. म्हणजे वानर पडलं ती जागाच खरी धोक्याची. तुमच्या बागमालकाने ते ओढत नेलं तेव्हा एका जागेची अख्खी वाट झाली, आता पावडर मारताना ती सगळी वाट धरायला हवी होती. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही, त्यामुळे पेशंटच्या घराभोवती फवारणी करत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

किटचं म्हणाल तर एक पेटी भरूनच ठेवा. गमबूट, हातमोजे दोन जोड, मास्क, गॉगल, गोचीडं ठेवायच्या बाटल्या, चिमटा, फॉर्म, पेन (पेन विसरू नका, दर वेळी पेन नसतं). पेटी गुरांच्या दवाखान्यात आणि चावी दोघांकडे. ट्रेनिंग नसलेल्याने प्रेत उघडायचं नाही म्हणजे नाही, अगदी सँपल गेलं तरी चालेल.

रानवाटा

मी फॉरेस्टचा माणूस, खालच्या फळीतला. दर वेळी 'फॉरेस्टवाले येत नाहीत' हे ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितोय.

एका बीटला एक वनरक्षक. त्याच दिवशी हत्ती कुठेतरी केळी मोडतोय, कुठे वणवा लागलाय, कुठे गवा विहिरीत पडलाय, आणि तेवढ्यात फोन येतो माकड मेलंय. येतो की आम्ही, पण येतो तेव्हा अंगात काय असतं तर खाकी आणि पायात बूट. २०१२ मध्ये कर्नाटकात बांदीपूरला मेलेली माकडं जाळायला ज्यांना लावलं होतं तीच माणसं या तापाने आजारी पडली होती. ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि मीटिंगमध्ये कोणी काढत नाही. तुम्ही आमच्याकडे समन्वय मागता, आधी आमच्या माणसाला गोचीडं लागू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल द्या आणि ताप आला तर त्याची तपासणी पहिली होईल एवढं लिहून द्या. बघा मग कसा धावत येतो.

अजून एक. आम्ही सँपलला मदत करतो, लाकडं गोळा करतो, जाळतो, आणि रिपोर्ट काय आला ते कळतं पेपरातून. दोन वेळा तर तेही नाही. ज्याने प्रेत उचललं त्याला पहिला फोन जायला नको का? एवढं एक केलंत ना ताई, तर पुढच्या वेळी मी पत्राची वाट न बघता येईन.

आणि कृपा करून मेलेल्या माकडाचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एकदा असा फोटो फिरला आणि आठ दिवसांत लोकांनी कळपावर दगड, फटाके, एका ठिकाणी तर विष घातलेली केळी. पळवलेला कळप दुसऱ्या गावात गेला, म्हणजे गोचीडंही तिकडे. माकड बिचारं स्वतःच या आजाराने मरतं, आपल्याला खबर देऊन मरतं असं समजा.

कुळीथपिठी

@रानवाटा दादा, खरं सांगू, तुमच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. रिपोर्टचं लगेच लिहून घेतलं. @डॉक्टर, सरसकट पत्राची कल्पना भन्नाट आहे, पण खोटे फोन येतील त्याचं काय? आमच्याकडे एकाने कुजलेल्या रानमांजरासाठी तिघांना बोलावलं होतं, तेव्हापासून टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेब माझा फोन दुसऱ्यांदा लावल्यावरच उचलतात.

गुरांचा_डॉक्टर

येऊ देत. खोट्या फोनवर एकदा रागावलात की खरा फोन यायचा बंद होतो, हे लिहून ठेवा. माकडं शॉक लागून मरतात, गाडीखाली मरतात, कुत्र्यांनी फाडलेली असतात, सगळीच काही केएफडीची नसतात. पण ते ठरवायचं काम फोन करणाऱ्याचं नाही, आपलं.

काजूबागायतदार

सगळी खाती झाली, आमका कोण इचारता?

मीटिंगला कधी शेतकरी बोलावलात? माझी बाग रानाला लागून आहे. वानर मेलं तर मी काय करणार सांगा, तीन दिवस वास घेत बसू? बायका कामाला यायच्या बंद होतात, बोंडं झाडाखाली कुजतात, सीझन दोन-अडीच महिन्यांचा असतो. ओढून टाकणाऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याला कोणी सांगितलंय का की हात लावू नको, दोन तासांत माणूस येईल? आणि सांगितलं तर येतो का?

तेलाचं पण ऐका. डेपा तेलाच्या बाटल्या वाटल्या, चांगलं केलं, पण वाटणाऱ्या पोराने सांगितलं 'अंगाला लावा'. कधी, किती, कुठे, काही नाही. आमच्या कामाला येणाऱ्या काकूंनी ती बाटली गुडघेदुखीला म्हणून ठेवली होती. रानात जायच्या आधी हातापायाला लावायचं, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे, हे मला दोन वर्षांनी आमच्या आशाताईने अंगणात बसून सांगितलं तेव्हा कळलं.

दुसरं, पातेरा. मार्च-एप्रिलमध्ये भाजावळीसाठी (शेत भाजायला) सगळं गाव पातेरा गोळा करतं, अनवाणी, डोक्यावर भारे, मानेवर पानं पडतात. सगळ्यात जास्त गोचीडं तिथेच लागतात. आणि संध्याकाळी गुरं रानातून येतात ती अंगभर गोचीडं घेऊन, गोठा स्वयंपाकघराला लागून. गुरांना म्हणे हा ताप होत नाही, पण मोठी गोचीडं त्यांच्यावरच पोसली जातात. मग गुरांचं गोचीड-औषध हा माकडतापाचा भाग नाही का? ते मागायला गेलो तर सांगतात त्याचा फंड वेगळा.

सीमेपल्याड

मी गोव्याचा, सत्तरीतला. आमच्याकडे २०१५ ला पाली गावात सुरू झालं, तुमच्या एक वर्ष आधी. मधे डोंगर तोच, माकडं तीच. पण फाईल तीन राज्यांची, तिकडे खानापूर लागलं की कर्नाटक. तुमच्याकडचे पेशंट निम्मे इकडे बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला येतात, पत्ता महाराष्ट्राचा आणि नोंद गोव्यात. कुळीथपिठी, तुमच्या त्या कागदावर डॉक्टरांनी सांगितलेल्या ओळींत एक ओळ वाढवा, सीमेपलीकडच्या एका माणसाचा नंबर. ऑफिशियल पत्रव्यवहार होईल तेव्हा होईल.

तुम्ही प्रत्यक्षातलं उदाहरण मागितलंत म्हणून, माकडतापाचं नाही, कुत्र्यांच्या रेबीजचं देतो. गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात सरकारचं पशुसंवर्धन खातं आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून काम केलं. वर्षाला ९५ हजारांवर कुत्र्यांना लस, दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत माहिती. माणसांतले मृत्यू थांबले आणि कुत्र्यांमधल्या महिन्याच्या केसेस ९२ टक्क्यांनी कमी झाल्या. लस तर सगळीकडे असते, फरक पडला तो मोबाईलवरच्या नकाशाने असं मला वाटतं. कुठल्या वाडीत ७० टक्के कुत्र्यांना लस झाली आणि कुठली वाडी राहिली हे ऑफिसात बसलेल्याला आणि जाळी घेऊन पळणाऱ्याला एकच दिसत होतं. दोघांकडे दोन वेगळे आकडे नव्हते, त्यामुळे भांडायला काही उरलंच नाही. तुमच्याकडे मात्र हेल्थची यादी वेगळी, गुरांच्या दवाखान्याची वेगळी आणि फॉरेस्टची वहीत, बरोबर ना?

विषाणूविद्यार्थी

पुण्यात शिकतो, फील्डवर फारसा गेलेलो नाही त्यामुळे सल्ला देत नाही, फक्त एक गंमत सांगतो. हे तिघांनी एकत्र काम करणं नवीन फॅशन वाटते ना, २०२१ मध्ये 'वन हेल्थ'ची व्याख्या झाली, २०२२ मध्ये चार मोठ्या जागतिक संस्थांचा मिळून प्लॅन आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरला वन हेल्थच्या राष्ट्रीय संस्थेचं भूमिपूजन झालं. पण केएफडी सापडला तोच मुळी असा. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, आसपासची माणसं तापाने पडली, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची (म्हणजे आजची एनआयव्ही) माणसं माकडं, गोचीडं आणि माणसं तिन्ही एकदमच तपासत होती. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला, मग शंका आली की स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरून गोचीडं आली की काय. त्यातून मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेने सालिम अली यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचा मोठा प्रकल्प सुरू केला. म्हणजे तापाच्या चौकशीतून पक्षीशास्त्र! तेव्हा समन्वयक असं पद नव्हतं हा भाग वेगळा.

आणि हो, जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली, नवीनवर काम चालू आहे. तोपर्यंत गोचीड चावू न देणं आणि लवकर ओळखणं एवढंच हातात आहे.

तापाचा_तक्ता

पीएचसीत आहे. आम्हाला सगळे माकडाचं विचारतात म्हणून आमची बाजू.

आमच्याकडे पेशंट येतो तो माकड घेऊन येत नाही, ताप घेऊन येतो. मार्चमध्ये जोराचा ताप, डोकं फुटतंय, अंग दुखतंय, डोळे लाल, की डोक्यात पहिलं येतं डेंगी, नाहीतर मलेरिया. पेशंट काजूच्या बागेत गेला होता का, हा प्रश्न ओपीडीच्या गर्दीत राहून जातो. आम्ही केसपेपरवर शिक्काच बनवला, 'रानात गेला होता? हो / नाही. ताप कितवा दिवस?' शिक्क्याला किरकोळ पैसे लागले असतील, पण सगळ्यात उपयोगी समन्वय तोच निघाला. कितवा दिवस हे महत्त्वाचं, कारण पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूच शोधतात आणि नंतर अँटीबॉडी बघतात. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली की निगेटिव्ह येतो आणि सगळे निवांत.

आणि @कुळीथपिठी, तुमच्या त्या शनिवारी पीएचसीत ज्याने फोन घेतला त्याच्याकडे वनरक्षकाचा नंबर नसणार, पैज लावतो. माझ्याकडेही पहिली चार वर्षं नव्हता.

काजूबागायतदार

शिक्का चांगला. पण नंबर एकच पाहिजे. माणूस मेलेलं वानर बघून घाबरलेला असतो, त्याला तीन नंबर दिलेत तर एकही लावणार नाही.

कुळीथपिठी

तीन आठवड्यांनी परत आले. कोणी म्हणेल गायब झाली, म्हणून अपडेट.

मीटिंग नाही घेतली. वनरक्षक, पशुधन पर्यवेक्षक आणि आरोग्यसेवक या तिघांना आमच्याच घरी जेवायला बोलावलं, आईने कुळथाची पिठी आणि भात केला. आरोग्यसेवक आणि वनरक्षक एकाच शाळेचे निघाले, दोन वर्षं मागेपुढे. कागद तिथेच ताटं बाजूला सारून लिहिला, आमच्या सतरा ओळी झाल्या, सहा रिकाम्या. डिझेल आमच्या संस्थेच्या नावावर पडलं (साहेबांना अजून सांगायचंय), लाकडांचं फॉरेस्टने घेतलं. गोठ्यातल्या गोचीड-औषधाची ओळ अजून रिकामीच आहे, काजूवाले दादा, त्यावर तुमच्याकडूनच कोणी बीडीओ साहेबांकडे चला. सरसकट पत्राचा अर्ज गेला, उत्तर नाही. सीमेपल्याडचा नंबर मिळाला, धन्यवाद.

एकच नंबर ठरला, माझा. पोलीस पाटील आणि आशाताईंना वाटला आणि सांगितलं की हात लावू नका, ओढू नका, फांद्या टाकून जागा बंद करा आणि फोन करा.

पहिला फोन काल सकाळी साडेसहाला आला. आम्ही चौघं गेलो, वनरक्षक पेटी घेऊन पुढे. बांधाला काळं काहीतरी पडलं होतं, वर व्यवस्थित फांद्या टाकलेल्या. फांद्या काढल्या तर आत जळकं घोंगडं. आजोबा शेजारीच उभे होते, ओशाळून म्हणाले, लांबून तसंच दिसलं गो बाय. वनरक्षक म्हणाला, आजोबा, फांद्या मात्र एकदम बरोबर टाकल्यात.